काकीची तुळस आणि चहा न पिणारे गोरे पावणे

आमच्या शिरोळाकडच्या गावातनं कोल्हापूरला निघालं की बाया इचारतात, अंबाबाईला का दवाखान्याला? मी ह्या बारीला अंबाबाईला म्हणून सांगितलं. खरं कारण वेगळं. शिवाजी पेठेत माझी थोरली बहीण हाय, आक्का. तिनं सांगावा धाडलता की आमच्या माडीवर दोन गोरी पोरं भाड्यानं ऱ्हायल्यात, अमेरिकेची, धर्म सांगत हिंडत्यात, आपली धुणी आपणच धुत्यात आणि चहाला शिवत न्हाईत. गोरा माणूस धुणं बडवतोय हे बघायला मी काशीलाबी गेले असते. आणि चहा न पिणारा बाप्या तर मी जन्मात बघितला नव्हता. माझा नवरा जाऊन लई वर्षं झाली, पण त्याच्या चहापायी काळं पडलेलं पातेलं अजून उजळलेलं न्हाई.

विधवा बाईनं एकटं हिंडू नये असं सांगणारी गावात पुष्कळ हायत. मी त्यांना म्हणते, मला कुणी हळदीकुंकवाला बोलवत न्हाई, मग मोकळ्या वेळात करू काय?

दिवस उगवायच्या आत बैलगाडी जुंपून जयसिंगपूरच्या ठेसनावर आले. तुम्ही जाणार असाल तर पाण्याचा तांब्या भरून घ्या, आणि बसायला घोंगडं घ्या, थर्ड क्लासची बाकडी नुसती फळकुटं हायत. हातकणंगल्याला गाडी दम खाते. तिथं भाजलेल्या शेंगा घ्याव्यात, गरम असतात. शेजारी एक फेटेवाले पावणे बसलेते. मी कशाला चाललेय ते ऐकून त्यांनी तोंडातली शेंगबी चावायची थांबवली. म्हणाले, सांभाळून बाई, ती लोकं बाटवत्यात. मी म्हटलं, माझ्याजवळ बाटवण्यासारखं काय उरलंय ते तरी मला कळंल. पुढं रुकडीपर्यंत ते खिडकीतनं ऊसच बघत बसले.

कोल्हापुरात उतरल्यावर टांगेवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय बसू नका. माझा टांगेवाला म्हणाला, संस्थान गेलं मावशी, आता दर सगळे वर गेले. मी म्हटलं, संस्थान मी न्हेलेलं न्हाई, मला जुन्या दरानं सोड. त्यानं सोडलं, पण वाटंत सगळे खड्डे दाखवत न्हेलं.

दारात गेले तर घर गप्प. माझे दाजी शिंपीकाम करतात, खाली दुकान आणि मागं घर. एरवी मला बघितलं की मशीन थांबवून म्हणायचे, आली का पटकी. ह्या बारीला मानसुद्धा वर न्हाई. आक्कानं आत वढून सगळं सांगितलं.

त्या पोरांच्या पंथाला मॉर्मन म्हणतात. मिशनच्या बंगल्यातल्या पाद्र्यांशी त्यांचा काय संबंध न्हाई. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. आल्या आल्या पेठेत कुणीतरी चहा पुढं केला तर ह्यातल्या धाकट्यानं पुस्तकी मराठीत सांगितलं, मी चहाचे सेवन करीत नाही. घरधन्याला वाटलं आमच्या हातचं चालत न्हाई ह्याला. तिथनं पुढं ते दार बंद. पोरगं भलं, त्यानं मनाला लावून घेतलं. मग नको म्हणायचं त्यानं सोडूनच दिलं. कप घ्यायचा, हातात धरून बसायचं आणि कुणाचं लक्ष नसलं की कुठंतरी वतायचा. दुसरं पोरगं थोरलं आणि कडक, ते आपलं सरळ मान हलवायचं.

असं करत करत दोघं शेजारच्या गोदाकाकीकडं गेले. गोदाकाकी म्हंजे पेठेतलं मोठं प्रस्थ, तिचा ल्योक तालमीचा वस्ताद. काकीनं घरामागच्या परड्यात पाट टाकून चहा दिला आणि पोहे आणायला आत वळली. ती चौकटीतनं मागं फिरून बघतेय तर धाकट्यानं कडकडीत चहाचा कप तुळशीच्या बुडात रिता केलेला.

काकीनं पोहे आणलेच न्हाईत. दुसऱ्या दिवशी तुळशीनं माना टाकल्या, आणि पेठ बोलायला लागली. गोऱ्यांनी तुळस मारली म्हणं. दाजींच्या दुकानाकडं गिऱ्हाइक फिरकंना. दाजींनी पोरांना सांगून टाकलं, रविवारच्या आत माडी मोकळी करा.

त्या वक्ताला गुरुवार होता.

संध्याकाळी पोरं सायकलीवरनं आली. पांढरे सदरे, गळ्यात टाय, आणि घामानं दोघं भिजलेली. थोरला टॉम, धाकटा कार्ल. एकमेकाला नावानं हाक मारत न्हाईत, 'एल्डर' म्हणतात. मी अर्थ इचारला. कार्ल म्हणाला, एल्डर म्हणजे वडील. मी त्याच्याकडं बघितलं. ओठावर नुसती लव.

"मग वडील," मी म्हटलं, "जेवलात का?"

तो लाजून तांबडा झाला. तिथनं मी त्याला वडीलच म्हणायला लागले.

दुसरा दिवस मी त्यांच्या पाळतीवर घालवला, आलेच होते त्यासाठी. पोरं दिवस फुटायच्या आधी उठतात. गुडघे टेकून प्रार्थना, मग मोठ्यानं वाचन, मग मराठीचे धडे. गार पाण्यानं आंघोळ. आणि व्हय, धुणं खरंच धुतात, पण असं की बघवत न्हाई. सदरा दगडावर असा हळू आपटतात जणू त्याला लागंल. मी हातातनं घेऊन एकदा दाखवलं, तर टॉमनं बटणं मोजून घेतली. दाजींची कोळशाची इस्त्री मागून घेऊन सदरे कडक करतात आणि सायकली काढतात. दारोदार. एक कुठं गेला की दुसरा पाठीला हायच, एकट्यानं जायचं न्हाई असा त्यांचा कायदाच हाय. पोरीबाळींकडं बघायचं न्हाई. पगार न्हाई. अडीच वर्षं घरदार सोडून हे असं, आणि घरी कार्लच्या बापाची शेती. तिकडं म्हणं जमिनीतल्या कंदापासनं साखर करतात. मी म्हटलं, वडील, आमच्या शिरोळात असलं बोललास तर उसानं मारतील.

चार महिन्यांत त्यांच्या धर्मात एक माणूस आला न्हाई. आता माडी सुटली की पेठेत काय, सगळ्या कोल्हापुरात खोली मिळणार न्हाई, हे कार्लला कळत होतं. मग मुंबईचे त्यांचे मोठे लोक त्याला माघारी धाडणार. जिन्यावर बसून तो मोजा शिवत होता. शिवणबी बरं होतं, आईनं शिकवलंय म्हणाला. आणि मग खाली बघूनच म्हणाला, "मी घरी गेलो तर आई काही बोलणार नाही. तेच मला सहन होणार नाही."

मी इचारलं, एवढं उन्हातान्हात हिंडून तुम्ही लोकांना देता तरी काय? त्यानं सुई थांबवली. म्हणाला, आमच्यात मरणानं घर मोडत नाही. नवरा-बायको, मुलं, वर गेल्यावरही एकत्रच राहतात.

"हे दाजींना सांगू नको," मी म्हटलं. "आक्का आजच घर सोडंल."

तो हसला, पण सोडंना. "आपल्याला आपल्या पतीराजांची पुन्हा भेट व्हावी असे वाटत नाही का?"

असलं मला कुणी कधी इचारलं न्हाई. गावात इचारतात ते, कसं भागतंय. मी म्हटलं, "त्याला दिवसभर चहा लागायचा. तुझ्या स्वर्गात चहा न्हाई. मग ते माणूस तिथं ऱ्हायचं कसं, ते आधी सांग." वडील खरंच इचारात पडले, आणि मोजा उलटा शिवला.

शनवारी मी दोघांना दिवस उजाडताच उठवून न्हेलं. कोल्हापुरात आलात तर हे चुकवू नका. सकाळी गवळी म्हशी घेऊन रस्त्यावर येतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट गरम दूध गिलासात देतात. तालमीची पोरं व्यायाम करून तिथंच येतात, आणि त्यांच्याबरोबर वस्ताद. मला ते ठाऊक होतं. पोरांना मी सांगितलं न्हवतं.

कार्लनं एक गिलास रिता केला, दुसरा केला. मग म्हशीकडं बघून गवळ्याला म्हणाला, मी काढू का? गवळ्यानं चेष्टा म्हणून जागा दिली. वडील उकिडवे बसले, टाय खांद्यावर टाकला आणि अशी धार काढली की म्हशीनं शेपूटसुद्धा हलवली न्हाई. लोकं गोळा झाली.

वस्ताद बाजूला उभा होता, आईपायी बोलत नव्हता. आता त्यानं इचारलं, "च्या का प्येत न्हाई रं तू?"

कार्लनं उठून हात पुसले आणि सगळं सांगितलं. चहा नाही, तंबाखू नाही, दारू नाही, मुलींकडे पाहणे नाही, पहाटे उठणे, थंड पाण्याने स्नान, जोडीदारास सोडून जाणे नाही.

वस्ताद मागं आपल्या पोरांकडं वळला. "ऐकलं का? ह्यो तर आपल्या तालमीचा कायदा हाय. तुम्हाला सांगून माझा घसा बसला, आणि ह्ये बेणं साता समुद्रापलीकडनं पाळत आलंय." मग कार्लच्या दंडाला हात लावून बघितला आणि खट्टू झाला. "नुसता कायदाच पाळलाय पर. जोर मारलं न्हाईत."

तो स्वतः आमच्याबरोबर काकीच्या दारात आला. परड्यात तुळस तशीच, माना टाकून. वस्तादानं आईला सगळं समजावलं, की ह्यांचा नेम हाय, आपल्या पैलवानांसारखाच, तुझ्या चहाचा अपमान केलेला न्हाई. काकी जात्यावर बसावी तशी बसून ऐकत होती.

"तुझ्या तालमीतली पोरं येत्यात की माझ्याकडं," ती म्हणाली. "च्या नको काकी, म्हणून तोंडावर सांगत्यात. मी कधी रागवली? ह्याला नको म्हणायला काय जीभ झडली व्हती?"

कार्ल म्हणाला, "मी नको म्हटले तेव्हा लोकांनी दार लावले. म्हणून मी खोटे वागलो. मला क्षमा करा."

काकीनं कोपऱ्यातली घागर पायानं पुढं सरकवली. "रोज सकाळी आडाचं पाणी वढायचं आणि तुळशीला घालायचं. ती उभी ऱ्हाईस्तवर. मग मी सांगते माडीवाल्याला."

इथं टॉम भडकला. इंग्रजीत भराभर बोलला, आणि इंग्रजी न येताबी मला कळलं. उद्या लोक म्हणणार, गोरी पोरं तुळस पुजत्यात, आणि धर्म सांगायला आलेल्यानं मग सांगायचं काय? कार्लचा चेहरा उतरला. त्याच्या धर्मात एक माणूस आला न्हाई ते राहू दे, आता त्याचाच धर्म सुटायची वेळ.

शेवटी तो म्हणाला, "पाणी घालीन. झाड मी जाळले आहे. पण हात जोडणार नाही, प्रार्थना मी माझ्याच देवाची करतो."

काकी म्हणाली, "तुला हात जोड म्हणून कोण मेलं सांगाय लागलंय? तुळस माझी, देव माझा. पाप तेवढं तुझं, ते तू फेड. घागर उचल."

त्यानं उचलली. आडावर पेठेतल्या बाया उभ्या होत्या, त्या बाजूला झाल्या. पहिल्या घागरीतलं निम्मं पाणी त्याच्या कडक इस्त्रीवरच सांडलं. टॉम थोडा वेळ उंबऱ्यात उभा राहिला. मग बाह्या दुमडून दुसरी कळशी घेतली, कारण एकट्यानं जायचं न्हाई हा त्यांचा कायदाच हाय.

रविवारी काकी दाजींच्या दुकानात आली, नातवाच्या सदऱ्याचं माप देऊन गेली. माडीचं नाव काढलं न्हाई. दाजींनीबी काढलं न्हाई. दुपारी आक्कानं तांबडा रस्सा केला, पोरांना वर धाडला, आणि डोळ्यांतनं पाणी येत असताना टॉम म्हणाला की फार रुचकर आहे. हे खोटं मी त्याला माफ केलं.

सोमवारी मी अंबाबाईला जाऊन आले, सांगितलेलं खोटं नको व्हायला, आणि टांगा बोलावला. कार्ल माझी वळकटी घेऊन आला, मागं टॉम. टांगा हलणार तेवढ्यात तो म्हणाला, "मी आपल्या प्रश्नावर विचार केला. मला वाटते आपल्या पतीराजांना तेथे चहा मिळेल." मग टॉमकडं चोरून बघून हळूच म्हणाला, "हे पुस्तकात नाही. माझे मत आहे."

घोडं पळालं म्हणून बरं, न्हाईतर मला उत्तर द्यावं लागलं असतं.

आता गावात येऊन आठ दिवस झाले. बाया इचारतात, बाटलीस का? मी म्हणते, अजून घासाघीस चाललीय. काकीची तुळस उभी राहिली का न्हाई ते कळलं न्हाई अजून. तुम्ही गेलात शिवाजी पेठेत तर डोकावून बघा, आणि कुणी चहा दिला आणि नको असला तर नको म्हणून सांगा, कुणी खात न्हाई.

काल दुपारी मी तेच काळं पातेलं चुलीवर ठेवलं. किती वर्षांनी, कप दोन काढले. एक परत फळीवर ठेवला. पण वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ आता हाय. नवऱ्याची भेट व्हायची असंल तर होऊ दे, माझी ना न्हाई. फक्त तिथं चहा त्यानं करायचा. मी न्हाई करणार.