मोटारीतून आलेला मुराळी

करीमचाचा मोटार चालवायचे कमी आणि थांबवायचेच जास्त. माझ्या माहेरी, मुरुमला, ते आमच्या शेजारी राहायचे आणि तिथल्या एका शेटजींच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. विहीर दिसली की थांबले, चिंचेची सावली दिसली की थांबले. शेटजी चिडले तर म्हणायचे, "मालक, रस्ता कुठं पळून चाललाय? उतरा, पाय मोकळे करा."

ही सवय त्यांना विलायतेत लागली. लढाईत ते फौजेची मोटार चालवत. लढाई संपल्यावर त्यांच्या गोऱ्या साहेबाला महिन्याची रजा मिळाली आणि दोघं इटलीपासून फ्रान्सपर्यंत रमतगमत फिरले. आमच्या ओट्यावर बसून चाचा वडिलांना ते सांगायचे. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. "गावाला दगडी वेस, वर किल्ला, हुबेहूब आपला नळदुर्ग. पण खाली बघावं तर समदे द्राक्षाचे मळे!" मुक्काम खेड्यातल्या सराईत असायचा. "शहरं लई बघितली, पण याद राहत्यात त्या सराया," म्हणायचे. एका सराईत जेवायला बसल्यावर भाषा येईना, म्हणून त्यांनी बोटानं डुकराचं नाक करून दाखवलं आणि मान हलवून 'नको, नको' म्हटलं. तिथली म्हातारी पोट धरून हसली आणि तिनं अंडी उकडून दिली.

माझं लग्न होऊन मी भूमला आले. मला भाऊ नाही, त्यामुळे पहिल्या दिवाळीला मला माहेरी न्यायला कोणी मुराळी आला नाही आणि सासूबाईंनी पाठवलं नाही. मी चुलीपुढे बसून रडले, कोणाला दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवाळीला वडील आजारी होते. शेटजींचं भूमला काही काम निघालं, त्यांना तिथं सोडून मोटार रिकामी परतणार होती, त्याच फेरीत मला आणायला वडिलांनी चाचांना सांगितलं.

दारात मोटार बघून गल्ली गोळा झाली. सासूबाई मात्र उंबऱ्यातच उभ्या. "मुराळी म्हंजी भाऊ लागतो. डायवर चालत न्हाय."

चाचा वाद घालत बसले नाहीत. "बरं आक्का," म्हणाले, आणि फडक्यानं मोटारीची काच पुसायला लागले. सासऱ्यांनी चहा दिला तो ओट्यावर बसून प्यायले. मग सासऱ्यांना त्या सराईतल्या म्हातारीची गोष्ट सांगू लागले. तिची लेक डोंगरापल्याड दिली होती. लढाईमुळं पाच वर्षं मायलेकींची भेट नव्हती. साहेबानं ते ऐकलं आणि मोटार उलटी फिरवली. दिवसभर डोंगर चढून दोघं लेकीला घेऊन आले.

"मग? भेटल्या का?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"भेटल्या. म्हातारीनं सायबाला अन् मला एकाच मेजावर बसवून जेवू घातलं. फौजेत असं कदी झालं नव्हतं बघा."

मग चाचांनी विचारलं, "आक्का, तुमचं माहेर कुठलं?"

"अणदूर."

"कदी गेला होता?"

"नऊ वर्सं झाली. घर कोण सांभाळणार?"

"अणदूर तर आमच्या वाटंवरच हाय. मागं दोघी ऐसपैस बसाल."

सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्या बाहेर आल्या त्या नवं लुगडं नेसून, काखेत बोचकं घेऊन.

सासरे गडबडले. "अगं, अन् भाकरी?"

"तुमी हाय की!"

एका दिवसाच्या वाटेला आम्हाला दोन दिवस लागले. येरमाळ्याला थांबलो, तुळजापूरला मुक्काम केला. पहिल्यांदा मोटार थांबली तेव्हा सासूबाई "आता काय मोडलं?" म्हणून ओरडल्या. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणायला लागल्या, "करीमभाऊ, ती बारव बरी दिसती. थांबा की जरा." अणदूरला त्यांची म्हातारी वहिनी धावत आली आणि दोघी वेशीतच गळ्यात पडल्या. मला सासूबाईंनी माहेरी राहायला चारच दिवस दिले होते. आता मोटारीकडे वळून म्हणाल्या, "पंधरा दिस ऱ्हा. अन् मला न्यायची बी घाई करू नगा."

पुढे दोन वर्षं दिवाळी जवळ आली की त्याच विचारायच्या, "तुझा मुराळी कवा येतोय?"

मग चाचा मुलाकडे हैदराबादला गेले. ते मला पुन्हा भेटले नाहीत. त्या दिवाळीला आता न्यायला कोणी येणार नाही असं धरून मी सारवण करत होते. सासूबाईंनीच माझ्या मालकांना हाक मारली, "गाडी जुंप रं. औंदा हिला मी पोचवून येते."