उकळलेलं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, पण आमचा दवाखाना जुनाच राहिला. मी वॉर्डची मुख्य परिचारिका होते. दुष्काळात नळ बंद पडला. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र थंड ठेवायला वाहतं पाणी लागतं, म्हणून तेही बंद. एरवी डिस्टिल्ड वॉटरनं धुवायच्या सलाईनच्या रबरी नळ्या आम्ही टँकरच्या पाण्यात धुऊन उकळू लागलो. ते पाणी हौदात चार-चार दिवस साठलेलं असे.

सलाईन लावल्यावर अर्ध्या तासात पेशंटला थंडी वाजून ताप भरू लागला. मी वीस मिनिटांचं उकळणं चाळीसवर नेलं. वॉर्डातली आया म्हणाली, "बाई, एवढ्यात डाळ गळून जाती. जंतू काय लोखंडाचे हायत?"

थंडी थांबली नाही.

शिरूर अनंतपाळची एक सून हगवणीनं सुकून आली होती. तोंडानं दिलेलं उलटून पडे. तिलाही सलाईन लावताच हिव भरलं. सासूनं बाटलीवर हात ठेवला. "तुमच्या पाण्यानंच झालं हे. आता लावू देत न्हाई."

"उकळलंय आजी, घाबरू नका," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. "सिस्टर, हौदाच्या पाण्यातले जंतू उकळून मेलेत हो. पण त्यांच्या कवचाचे तुकडे नळीत राहतात, ते उकळून जात नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते तुकडे भेटले की त्यांना वाटतं, जंतूच आले. मग त्याच पेशी ताप चढवतात."

म्हणजे मी इतके दिवस भलतंच उकळत होते.

कंपाउंडर पहाटेच्या एसटीनं नांदेडला गेला आणि त्यानं तिथल्या दवाखान्यातून पाकीटबंद प्लास्टिकच्या नळ्यांचे सेट मागून आणले. दुपार झाली होती. सुनेची नाडी बोटाला जेमतेम लागत होती. मी सासूसमोर पाकीट फोडलं, तसा तिनं पुन्हा बाटलीवर हात ठेवला.

"हे उकळलंय का?"

"नाही. याला उकळायचं नसतं."

"काल तर उकळलंय म्हणून सांगत होतात."

"काल आमचं चुकलं, आजी. नळीत घाण राहिली होती. ती उकळून जात नाही, हे मला माहीत नव्हतं."

 सासूनं हात काढला. "लावा. पण इथून हलू नका."

मी तिथेच स्टूलवर बसले. अर्धा तास गेला, तास गेला. सुनेला थंडी भरली नाही. संध्याकाळी तिनं सासूकडे पाणी मागितलं. सासू वाटी आणायला उठली, आणि मला आधीचे ते दोन पेशंट आठवले, ज्यांना हिव भरल्यावर घरच्यांनी सलाईन काढायला लावून गावाकडे नेलं होतं. त्यांचं पुढं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.