सरांच्या फोटोवरचा हार

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलायला बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. विद्यापीठातल्या छात्रसेनेची नवी अधिकारी बोलत होती, आवाजावरून तरुण. रविवारी छात्रसेना भवनाचा वर्धापनदिन आहे, तुम्ही मुलींच्या पहिल्या तुकडीतल्या, तेव्हा इमारतीचा इतिहास दोन पानांत लिहून द्या, म्हणाली.

"आणि मॅडम, ज्यांचं नाव दिलंय त्या मेजरसरांची पुण्यतिथी कधी असते? इथे कुणालाच माहीत नाहीये."

"पुण्यतिथी? अहो, काल संध्याकाळी ते त्यांच्या पूनम सागर सोसायटीच्या नाक्यावर भाजीवाल्याशी भांडत होते."

मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, हॉलमधल्या त्यांच्या फोटोला चंदनाचा हार आहे. मी आले त्याच्याही आधीपासून. वर्धापनदिनाला मुलं त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहतात." आणि लगेच, "मग सरांनाच घेऊन या ना रविवारी!"

फोन ठेवला, पण वाल काही सोलून होईनात. चार दाणे सोलायचे, उठायचं, खिडकीत जायचं, परत यायचं. सरांना सांगावं तर हाराचं कसं सांगायचं? न सांगता न्यावं तर ते स्वतःच्याच फोटोसमोर जाऊन उभे राहणार.

इतिहास लिहायला दोन पानं लागणारच नव्हती. आमच्या वेळी ती पत्र्याची शेड होती. आम्ही मुली गणवेश बदलायला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जायचो. सर शिकवायचे भूगोल, मेजर ते छात्रसेनेतले, आणि उरलेला वेळ पक्क्या इमारतीसाठी अर्ज करत हिंडायचे. अखेर मंजुरी आली, तेव्हा जमीन आम्हीच सुट्टीत सपाट केली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुलांनी दर्शनी भिंतीवर चुन्याने सरांचं नाव लिहून टाकलं. सर भडकले, पुसा म्हणाले. पुसायला कोणी पुढे झालं नाही. दुसऱ्या दिवशी कुलगुरूंनी ते वाचलं आणि तेच राहू द्या म्हणाले. पुढे सर निवृत्त झाले, माणसं बदलली. आपल्याकडे इमारतीला नाव द्यायचं तर माणूस आधी जावा लागतो, त्यामुळे नव्यांना विचारावंसंही वाटलं नसणार. कुणीतरी श्रद्धेने हार आणला.

संध्याकाळी सोललेले वाल डब्यात भरले आणि पूनम सागरला सरांचं घर गाठलं. दार काकूंनी उघडलं. कपाळावर नेहमीचं ठसठशीत कुंकू. मी बसायच्या आत रविवारचं आमंत्रण सांगून टाकलं. सर उठले आणि पलंगाखालून काळे बूट ओढून काढले.

"इतक्या वर्षांत आठवण झाली म्हणायची! पॉलिश कुठंय गं?"

आता थांबण्यात अर्थ नव्हता. हाराचंही सांगितलं.

सर खो खो हसले. "मग मुलं ओळीत नीट उभी राहतात की नाही? जिवंत होतो तेव्हा तर राहत नव्हती."

काकू हसल्या नाहीत. "इथे मी दर वर्षी वडाला फेऱ्या मारतेय आणि तिथे ह्यांना हार घालून ठेवलाय? तो उतरेपर्यंत हे त्या पायरीवर पाय ठेवणार नाहीत."

"अगं, लाकडाच्या साली त्या. त्याने काय होतंय?"

"तुम्हाला काही होत नाही हो. माझ्या जिवाला होतं."

सरांनी बूट पुन्हा पलंगाखाली सारले, ते अर्धेच आत गेले. ते तसेच वाकून बसले होते, बुटांवर हात ठेवून. ऐंशी ओलांडलेला माणूस. पुढच्या वर्धापनदिनाचं कोणी सांगावं, हे त्यांच्याही मनात आलं असेल. माझ्या तर आलंच.

घरी येऊन त्या अधिकारी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काढायलाच हवा मॅडम. पण हॉलमधल्या वस्तूला हात लावायचा तर साहेबांची परवानगी लागते, आणि साहेब सोमवारी येतायत."

सोमवारी! मी बरं म्हणून फोन ठेवला. रात्रभर डोळा लागला नाही. कूस बदलली की बूट दिसायचे.

सकाळी नवऱ्याला म्हटलं, चहा तुमचा तुम्ही करून घ्या, आणि काशीमीऱ्याहून विद्यापीठाकडे जाणारी हायवेची बस पकडली. हॉल उघडा होता, झाडूवाली लादी पुसत होती. मी स्टूल मागितलं, तिने दिलं. वर चढले, हार खिळ्यावरून काढला, फोटोची काच पदराने पुसली. सर काळ्या मिशांचे, रागावलेले. "साहेबांनी सांगितलंय का?" झाडूवालीने विचारलं. "नाही," म्हटलं, "यांच्या बायकोने सांगितलंय." तिने स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

हार वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला आणि फाटकाबाहेरच्या बूथवरून पूनम सागरला फोन लावला. काकूंनीच उचलला.

"उतरवला," म्हटलं. "बूट बाहेर काढू द्या त्यांना."