शंभर श्वासांचा किल्ला

तिनं आयुष्यात एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. पण मधली पानं म्हणाल, तर तिच्याइतकी कुणी वाचली नसतील. बाइंडिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं पुस्तकं तिच्यासमोर यायची ती सुटी, सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत. घडी घालताना नजर पडेल तेवढं वाचायचं, की फर्मा चालला पुढच्या बाईकडे. राजा वाचला की मेला, देव जाणे. मग घरी जाता जाता तीच ठरवून टाकायची.

या सवयीचं सोनं झालं ते रविवारी दुपारी. जेवणं उरकली, नवरा आत घोरायला लागला, की टेबलाभोवती तिघं जमायची: लेथ चालवणारा दीर, इस्पितळात नर्स असलेली नणंद आणि शेजारचे घड्याळं दुरुस्त करणारे काका. खेळ असा, की गोष्ट ती सांगणार, हे तिघं गोष्टीतली माणसं होणार, आणि त्यांचा बेत तडीस गेला की फसला ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. आठवडाभर तिच्याशी कुणी "हे शिवा, ते कापा" यापलीकडे बोलायचं नाही. इथं मात्र तिनं तोंड उघडलं की तिघं कान टवकारून बसायची. तिच्या आठवड्यात जीव असायचा तो या दोन तासांत.

आणि नेमकं तेच मोडायची वेळ आली.

"वहिनी, स्पष्टच बोलतो," दीर म्हणाला. "दोन वर्षं झाली, तलवारी, घोडे आणि सरदार! आमच्या वर्कशॉपमधली मंडळी अंतराळयानाचा खेळ मांडतायत. मला बोलावलंय."

"जा की मग," नणंद फणकारली. "मला तरी इथं कुठं भुतं भेटतात? आणि मी आत्तापर्यंत तक्रार केली का?"

"आत्ता केलीस ती काय होती, ताई?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या दरबारात यान उतरलं, तर मी त्याच पावली घरी."

तिघांतला एक उठला की खेळ आटोपला. तिनं विचार केला, ज्याला जे हवं ते देऊन टाकू. पुढच्या रविवारी सर्पाच्या गुहेत तिनं नणंदेसाठी एक भूत बसवलं आणि दिराच्या हाती आकाशातून पडलेली किरणांची बंदूक दिली. त्यानं पहिल्याच झटक्यात चाप ओढला. काका तीन महिने ज्याच्या मागावर होते तो सात फण्यांचा सर्प जळून राख. भूतही त्याच्याबरोबर गेलं.

"संपला?" काकांनी विचारलं.

"संपला," दीर म्हणाला, आणि त्याचंच तोंड कडू झालं. "यात काय मजा आली?"

"वहिनी, पार बट्ट्याबोळ केलास," नणंद म्हणाली.

"पुढचा रविवार माझा शेवटचा," दिरानं सांगून टाकलं.

त्या आठवड्यात तिचं कामात लक्ष कुठलं असायला! राजाराणीच्या पुस्तकात तिनं अंतराळाच्या पुस्तकाचा फर्मा जुळवला. एकात नाही, चाळीस प्रतींत. त्या शिवूनही झाल्या.

"डोळे घरी ठेवून आलात का बाई?" मालक कडाडले.

ती दोरे उसवायला बसली. पहिलीच प्रत उघडली, तर डाव्या पानाच्या तळाशी होतं, 'राणीनं तळघराचं दार लोटलं, आणि'. उजव्या, परक्या पानाच्या माथ्यावर होतं, 'आत चौघांना पुरेल एवढी हवा उरली नव्हती.'

तिचा हात थांबला. यान आलं नव्हतं, बंदूक आली नव्हती. त्या दुसऱ्या जगातून फक्त हवा आली होती, तीही संपत आलेली. आणि तेवढ्यानं साध्या तळघराला दरदरून घाम फुटत होता. यान उतरवायची गरजच नव्हती. यानातली धडकी तेवढी उचलायची होती!

"आणि वर हसताय?" मालक म्हणाले.

"उसवतेय ना," ती म्हणाली, पण ओठ काही आवरेनात.

रविवारी तिनं सुरुवात केली. "किल्ला तळ्याच्या बुडाशी आहे. तुम्ही आत शिरलात आणि दार मागून बंद झालं. हवा शंभर श्वासांची. जे काही कराल, त्याला एक श्वास."

मागे रेललेली दिराची खुर्ची धाडकन पुढे आली. "तिघांत शंभर? ताई, गप्प बस! बोलायलाही श्वास लागत असेल. वहिनी, लागतो का गं?"

"लागला. नव्याण्णव."

काकांनी सवयीनं तलवार उपसली. अठ्ठ्याण्णव. मग कोडगेपणानं ती म्यानही केली. सत्त्याण्णव. दीर कागदावर रेघा मारत हिशेब करू लागला, एकेका बेतावरून दोघांशी भांडू लागला. पण दारं सगळीच बंद. बारा श्वास उरले, तेव्हा भिंतीच्या पलीकडून कुणीतरी ठोठावलं.

"पहारेकरी आहे," ती हळूच म्हणाली. "किल्ला बुडाला तेव्हा बुडालेला."

नणंदेचे डोळे लकाकले. "म्हणजे त्याला हवा लागतच नाही! बाबा रे, तिकडून दार उघडशील?"

"चाक फिरवलं की उघडेल, म्हणतो. पण राजाच्या हुकमाशिवाय हात लावणार नाही."

काका खरोखरच उठून उभे राहिले. सदरा खाली ओढला. "मी राजाचा सरदार. तुझा पहारा संपला, गड्या. हा हुकूम समज."

"चाक गंजलंय. हलत नाही."

"आधी आवळायला सांगा!" दीर ओरडला. "थोडं आवळायचं आणि मग सोडायचं. गंजलेला नट असाच सुटतो!"

"सतरा किंवा त्याहून वर पडायला हवेत," ती म्हणाली. "आणि श्वास एकच उरलाय."

दिरानं फासा बहिणीपुढे सरकवला. "ताई, भूत तुझं. तू टाक."

नणंदेनं फासा तोंडाजवळ नेला. "फुंकर मारू?"

"श्वास!" दोघं एकदम किंचाळले.

फासा टेबलभर गडगडला, कपाला आपटला, काठावर डुगडुगला आणि बसला. अठरा!

असा काही कल्ला झाला, की नवरा उशीसकट बाहेर आला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही हो, सुटलो!" म्हणत काकांनी त्यालाच मिठी मारली.

तेवढ्यात दिराचा फोन वाजला. वर्कशॉपमधले होते. तो उभ्या उभ्याच बोलला, "नाही रे, नाही जमायचं. रविवार तर नाहीच... कसलं यान घेऊन बसलास! आम्ही आत्ता तळ्यातून वर आलोय, अजून नीट श्वास घेतला नाही."

फोन टेबलावर पालथा टाकून तो खुर्ची ओढून बसला. "हं वहिनी. काठावर कोण उभं आहे?"