मोठ्या कार्डाची जागा

आमचं पहिलं भांडण ग्राफिक्स कार्डावरून झालं. आमचं म्हणजे माझं आणि तिचं. ती पिंगळीहून रेल्वेनं परभणीला कॉलेजला यायची. मी येलदरीकडचा, शहरात खोली करून राहायचो आणि दुपारनंतर एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचो. कॉलेजचे कॉम्प्युटर असे, की बटण दाबावं आणि खाली जाऊन चहा पिऊन यावं. म्हणून आम्ही आमचा स्वतःचा ठरवत बसायचो. पैसे दोघांकडेही नव्हते. पण पुढे एक घर असेल, घरात टेबल असेल आणि टेबलावर तो असेल, एवढं पक्कं होतं. लग्न हा शब्द दोघांनीही कधी तोंडातून काढला नाही. प्रोसेसरवर बोलत राहिलं की त्याची गरज पडायची नाही.

तिला तो प्रोग्रॅमिंगसाठी हवा होता; प्रोसेसर दमदार, रॅम भरपूर. मला गेम खेळायचे होते, त्यामुळे सगळं बजेट कार्डातच घालावं असं माझं म्हणणं.

"निस्तं कार्ड घिऊन काय करतोस? बिनबैलाची गाडी व्हईल ती," ती म्हणायची.

"अन् तुला काय त्याच्यावर लग्नपत्रिका टाईप करायच्यात?"

शेवटी तोड तिनंच काढली. प्रोसेसर आणि रॅम तिच्या मनासारखी घ्यायची. कार्ड आत्ता अगदी छोटं, मदरबोर्डाच्या खाचेतूनच करंट घेणारं, वेगळी वायर न लागणारं. पण पॉवर सप्लाय मात्र मोठा, गरजेपेक्षा किती तरी मोठा.

"दोघं कमवायला लागलो की तुझं मोठं कार्ड बसवू. जागा आत्ताच धरून ठिवू," ती म्हणाली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी.

कॅबिनेटच्या बाबतीत मी लगेच हरलो. मला काचेचं आवडायचं, आत लाल-निळे दिवे पळणारं. "गणपतीची आरास हाय का ती?" ती म्हणाली. "लोखंडी घे गपगुमान. इथलं ऊन बघ, धूळ बघ. जगात जर्मनी अन् भारतात परभणी!" तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही, आणि मला तेच आवडायचं.

मग तिचं जमलं. मुलगा पुण्यात नोकरीला, त्यांच्याच जातीतला. आमच्या घरी मेंढरं, तिच्या घरी बागायत आणि ट्रॅक्टर. तिच्या घरात माझं नाव निघालं असतं तर आधी तिचं कॉलेज बंद झालं असतं. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आधी माहीत असलं की कमी दुखतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. ती दुकानाच्या पायरीशी आली आणि म्हणाली, "ठरलं माझं." मी "बरं" म्हणालो.

काही आठवड्यांनी तिचे वडील दुकानात आले. ते मला ओळखत नव्हते. मी त्यांना तिच्या मोबाईलमधल्या फोटोंवरून ओळखलं. लेकीच्या आंदणात कॉम्प्युटर द्यायचा होता.

"कपाट, फ्रीज, पलंग, समदं झालंय," ते मालकांना सांगत होते. "मामा म्हणले, पोरगी शिकलेली हाय, कॉम्प्युटर माझ्याकडून. अन् ती म्हणती, ह्याच दुकानातून आणा अन् मी सांगते तसाच आणा."

मग एकेक बोट मुडपत त्यांनी तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. प्रोसेसर. रॅम, दोन पट्ट्यांत. कॅबिनेट लोखंडी, काच नको. कार्ड छोटं. पॉवर सप्लाय मोठा.

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो मी खाली ठेवला.

"काका, एवढ्याशा कार्डाला एवढा मोठा पॉवर सप्लाय कशाला?" मालक म्हणाले. "लहान घ्या. उगं पैसे घालू नका." मालकांचं बरोबर होतं. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला मीही हेच सांगितलं असतं.

काका माझ्याकडे वळले. "जोडणारा तू हायस न्हवं? मग तूच सांग, पोरा. जावईबापूला तर गेमचा काहीच नाद न्हाई."

"मोठाच राहू द्या," मी म्हणालो. "पुढं लागंल."

मशीन मी मुद्दाम सावकाश जोडलं. पॉवर सप्लायपासून मोठ्या कार्डाला करंट नेणारी वायर एरवी मी गुंडाळून डब्यात परत टाकतो. ही पुढे ओढून घेतली आणि कार्ड बसलं असतं तर जिथे पोहोचली असती, तिथे क्लिपनं बांधून ठेवली. जोडताना मी रडलो. दुकानात धूळ इतकी, की डोळे चोळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

पोहोचवायलाही मलाच जावं लागलं. अंगणात मांडव पडला होता आणि पेंटर आंदणाच्या सामानावर नावं घालत होता. कपाट झालं, पलंग झाला. मग कॅबिनेट तरी का सुटावं? मी बाजूचा पत्रा काढून त्याच्या हातात दिला. लाल ऑइलपेंटनं त्यानं वर नवरानवरीची नावं घातली आणि खाली 'मामाकडून सप्रेम भेट'. ती दोन नावं मी इथे लिहिणार नाही. काचेचं कॅबिनेट घेतलं असतं तर हे टळलं असतं, असं मनात आलं आणि तेवढ्यातही मला हसू फुटलं.

काका उघड्या कॅबिनेटवर वाकले. "पोरा, ही वायर रिकामीच हाय की. जोडायची राहिली का?"

मी काही बोलायच्या आत मागून तिचा आवाज आला. पाण्याचा तांब्या घेऊन ती उभी होती.

"राहिली न्हाई, बाबा. जागा हाय ती. तशीच राहू द्या."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तांब्या खाली ठेवला आणि आत गेली.

पत्रा बसवताना रंग ओला होता. स्क्रू आवळता आवळता माझा अंगठा नेमका नवरदेवाच्या नावावर टेकला. एक अक्षर फिसकटलं. पेंटर ओरडला. "असू दे रं," काका म्हणाले आणि मला म्हणाले, "अंगठ्याला रॉकेल लाव, लगेच निघतंय." पेंटरनं ते नाव पुन्हा नीट भरलं. मी मशीन चालू करून दाखवलं. पंख्यांचा आवाज इतका कमी होता, की शेजारी उभ्या तिच्या मामांना ते चालू झालंय हेच पटेना.

तो कॉम्प्युटर अजून चालत असेल. चांगला जोडला होता मी. ती त्याच्यावर काम करत असेल, निदान मी तसं धरून चालतो. एसटीत रुमाल टाकलेली जागा कधी रिकामी जात नाही. ज्याचा रुमाल तो आला नाही तर दुसरं कुणीतरी बसतंच. ही एकच गाडी मी पाहिली, जी रुमालासकट तशीच पुण्याला गेली.