मूळ देशाचा रकाना

अल-खोबरला आम्ही ज्या इमारतीत राहायचो, तिच्या तळमजल्यावर फकरुद्दीन हमदुले एकटेच राहत. गाव बागमांडला, बाणकोट खाडीच्या अलीकडच्या काठावरचं. ब्याण्णव साली एका सौदी व्यापाऱ्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून आले आणि त्याच कचेरीत त्यांचे केस पिकले. बायको हफीजा आणि मुलगी सुहाना पुष्कळ वर्षं बरोबर होत्या. पुढे कुटुंबामागे सरकारी फी लागू झाली, ती दरवर्षी वाढत गेली, आणि अठरा साली त्यांनी दोघींना गावी पाठवून दिलं. तेव्हापासून त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक नेहमी बंदच असायची.

मी धाहरानला पेट्रोकेमिकलमध्ये. त्यांच्या धंद्यातलं मला ओ की ठो कळत नसे. पण माझी बायको मंजिरी सुट्टीत पुण्याला गेली की माझं शुक्रवारचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं. माझ्यासाठी ते वेगळ्या पातेल्यात डाळ करत, स्वतः मासे खात आणि आठवडाभरातलं बंदर मला ऐकवत. पुढचं बरंचसं त्या जेवणांवर ऐकलेलं आहे.

त्यांची कंपनी ब्रिटनहून खाण्याच्या वस्तू आणायची. बिस्किटं, जॅम, आणि सगळ्यांत जास्त चीजचे गोल डबे. बंदरावर माल सोडवून आणणाऱ्याला तिथे मुखल्लिस म्हणतात. त्याचा परवाना सौदी माणसाच्याच नावावर असतो. तसा एक परवानाधारक यांच्या कंपनीतही होता, तो सही करायचा. बाकी बिलं, दाखले, डब्यावर चिकटवायची अरबी लेबलं, तारखा, सगळं फकरुद्दीन बघायचे. तीस वर्षांत त्यांचा एकही कंटेनर परत गेला नव्हता. हे ते कधी स्वतःहून सांगत नसत. मी कचेरीतल्या एका मल्याळी माणसाकडून ऐकलं.

एकवीस सालच्या जानेवारीत ब्रिटन युरोपियन युनियनमधून पुरता बाहेर पडला. आमच्या कंपनीत त्यावर कॉफीच्या वेळी थोडीफार थट्टा झाली, एवढंच. फकरुद्दीनच्या मात्र ते थेट गळ्याशी आलं.

तो चीजचा कारखाना होता उत्तर आयर्लंडमध्ये, सरहद्दीपासून पाच-सहा मैलांवर. सरहद्दीच्या या अंगाला ब्रिटन, त्या अंगाला आयर्लंड. गाई दोन्ही अंगांना. दोन्हीकडचं दूध रोज एकाच टाकीत पडायचं. पूर्वी दाखल्यावर 'मूळ देश' या रकान्यात 'युरोपियन युनियन' असं छापलेलं असायचं आणि कुणाची हरकत नसायची. आता एक बाजू संघात राहिली, दुसरी बाहेर पडली. आणि कारखान्याने सवयीने जुनेच छापील दाखले पाठवून दिले. चार थंड कंटेनर दम्मामच्या बंदरात उतरले.

बंदरावरचा अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्याने दाखला पाहिला आणि विचारलं, "हा देश आता त्या संघात नाही. मग हा माल कुठला?"

"साहेब, माल तोच आहे. डबाही तोच."

"ते मला दिसतंय. पण कागदावर काय लिहू?"

 फकरुद्दीननी कारखान्याला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, आम्हालाही अजून कुणी नीट काही सांगितलेलं नाही, आम्ही वरती विचारलं आहे. मग दहा दिवस ते दम्मामला खेटे घालत राहिले. सकाळी सहाला कंपनीची पिकअप घेऊन निघायचे, आधी चारही कंटेनरांचं तापमान बघायचे, मग खिडकीपुढे उभे राहायचे. रोज एक नवा कागद लागायचा. संध्याकाळी परत आले की पायातले मोजे काढणंही त्यांच्या जिवावर यायचं.

शेवटी तोड त्यांनीच काढली. दुधाचा दाखला दोन्ही देशांचा वेगवेगळा, चीज बनवल्याचा दाखला एकाच देशाचा, आणि तिन्ही कागदांना जोडणारं कारखान्याचं एक पत्र. पत्राचा मसुदा त्यांनी बंदराच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिला. अकराव्या दिवशी माल सुटला. त्या संध्याकाळी ते वर आले, आमच्या सोफ्यावर बसले आणि मंजिरीने चहा आणेपर्यंत बसल्या बसल्या झोपी गेले. आम्ही त्यांना उठवलं नाही.

त्याच वर्षी सौदी सरकारचा हुकूम निघाला. माल सोडवण्याच्या कामातल्या जागांवर आता सौदी माणसंच हवीत, परवान्यावरही आणि टेबलावरही. कंपनीचे मालक हम्माद यांनी फकरुद्दीनना खोलीत बोलावून घेतलं. त्यांच्यापुढे एक सत्तावीस वर्षांची मुलगी बसली होती. नाव अरीज. ब्रिटनमधून व्यापाराची पदवी घेऊन आलेली.

"हिला तयार करा," हम्माद म्हणाले. "घाई नाही. वर्षभर घ्या."

घाई नाही याचा अर्थ फकरुद्दीनना बरोबर कळला. जेवताना ते मला म्हणाले, "हरिहरभाऊ, राग नाय हो. मुलक त्यांचा, पोरगी त्यांची. तिनं काम करू नये तं कोणी करायचा? पन रोज कुणाला तरी आपली खुर्ची समजावून सांगायची, ह्याचा थकवा येतो."

अरीज हुशार होती आणि मेहनतीही. ती त्यांना 'अम्म फकरू' म्हणायची, काकाला म्हणतात तसं. ते तिला 'बिन्ती' म्हणत, म्हणजे माझी मुलगी. पहिल्या महिन्यात तिने त्यांना विचारलं होतं, "मी शिकले की तुमचं काय?"

"मी घरी जाईन."

"तुम्हाला जायचंय का?"

"ते अजून कुणी विचारलेलं नाही," ते म्हणाले आणि तिच्यापुढे पुढची फाईल ठेवली.

बावीस साली ब्रिटन आणि आखातातल्या सहा देशांमध्ये व्यापार कराराची बोलणी सुरू झाली. संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनला प्रत्येकाशी नव्याने बोलणं भाग होतं. त्या निमित्ताने काही ब्रिटिश पाहुणे व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकायला खोबरला आले. त्यांच्यात एक खासदारबाईही होत्या. योगायोग असा, की सरहद्दीजवळची काही गावं त्यांच्याच मतदारसंघात होती. हम्माद यांना निमंत्रण आलं. अडचणींचं टिपण फकरुद्दीननी आठवडाभर बसून केलं, बोलायचं मात्र अरीजने, असं ठरलं. कंपनीची प्रतिनिधी सौदी असलेली बरी, हम्माद म्हणाले. फकरुद्दीन फाईल घेऊन मागच्या रांगेत बसतील.

समुद्राकाठच्या हॉटेलात बैठक भरली. अरीज छान बोलली. मग खासदारबाईंनी विचारलं, "दूध दोन्हीकडचं असेल तेव्हा तुम्ही कागद कसे लावता? आमच्या शेतकऱ्यांना हे कुणीच सांगू शकत नाही."

अरीज बोलू लागली, मध्येच अडखळली आणि तिने मागे वळून बघितलं. फकरुद्दीन उभे राहिले. त्यांची इंग्रजी टायपिस्टची, पत्रात लिहितात तशी. त्यांनी तिन्ही दाखले आणि जोडपत्र सावकाश समजावून सांगितलं. हम्माद घड्याळाशी चाळा करत राहिले. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "करारात एकच गोष्ट घालता आली तर कुठली घालाल?"

"एक कागद, मॅडम. तिकडे चाललेला कागद इकडेही चालावा. दुसरं काही नको."

चहाच्या वेळी बाई मुद्दाम त्यांच्याकडे आल्या. म्हणाल्या, दर शुक्रवारी माझ्या कार्यालयात शेतकरी येऊन बसतात आणि दुधाचं गाऱ्हाणं सांगतात. संघातून बाहेर पडण्यावरून घराघरात दोन तट पडलेत. भाऊ भावाशी बोलत नाही, पण माझ्याकडे दोघंही येतात. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमचे खासदार कोण?"

फकरुद्दीन गोंधळले. मतदारसंघ रायगड, एवढं त्यांना ठाऊक होतं. नाव आठवेना. गावी गेले की निवडणूक नसायची, आणि निवडणूक असली की ते इथे. एकदा दोन्ही जमून आलं, तर यादीत नाव नव्हतं.

"मग गाऱ्हाणं कुणाला सांगता?" बाईंनी विचारलं.

"अल्लाला, मॅडम. आणि रजेच्या बाबतीत एचआरला."

बाई हसल्या, फकरुद्दीनही हसले. मला हे सांगताना मात्र ते हसत नव्हते. "त्यांच्या शेतकऱ्यांची गाय आजारी पडली तरी ऐकणारा कोणतरी हाय," ते म्हणाले. "मी साठीला आलो. माझ्यासाठी कोणी टेबलाला बसल्याचं मना आठवत नाय. सवयच नाय, म्हणून वाईटपण वाटलं नव्हतं. बाईंनी विचारलान आणि वाटाया लागला."

तीन आठवड्यांनी बैठकीचा वृत्तांत आला. एकाच कागदाची सूचना त्यात होती, अरीजच्या नावावर. ती तणतणत त्यांच्या टेबलाशी आली.

"मी त्यांना पत्र लिहिते. हे तुम्ही बोललात."

"राहू दे, बिन्ती. सूचना आली ना त्यात? खलास."

"खलास कसं? मी खोटी ठरते."

"तू पुढे वीस वर्षं हेच काम करणार. तुझं नाव तिथे असलेलं उपयोगाचं आहे. माझं नाव घेऊन ते कुणाला विचारणार?"

तरीही तिने पत्र लिहिलंच. उत्तर आलं नाही.

तेवीसच्या सुरुवातीला अरीज सगळं एकटीने करू लागली. हम्माद यांनी फकरुद्दीनना पुन्हा बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावर, धंदा बदलून घेऊ. गोदामातला हमाल म्हणून नोंद करू. टेबल तेच राहील, पगार थोडा कमी होईल. तपासणी आली तर मागच्या गोदामात जाऊन उभं राहायचं, इतकंच."

फकरुद्दीननी विचार करायला आठवडा मागून घेतला. त्या शुक्रवारी डाळीला फोडणी नव्हती. हफीजाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवून सगळं सांगितलं.

"अवो, हमाल तं हमाल," हफीजा म्हणाली. "इज्जतीचा म्हणत असाल तं हिकडे कोन बघायला येतोय? पन तुमचा जीव काय म्हनतो?"

 फकरुद्दीन म्हणाले, "इज्जतीचा नाय गे. तपासणी आली की पळायचा, हे आता होणार नाय माझ्याच्यान. गुडघे दुखतात."

"मग या," ती म्हणाली. "मी खोली झाडून ठेवते."

मला वाटलं होतं काही मोठं बोलतील. निर्णय झाला तो एवढ्याच बोलण्यावर.

मार्चमध्ये त्यांचं कायमचं देश सोडण्याचं 'फायनल एक्झिट' लागलं. शेवटच्या दिवशी कचेरीत केक कापला. अरीजच्या आईने खजुराच्या दोन पेट्या हफीजासाठी पाठवल्या होत्या. अरीजने एक वही पुढे केली आणि म्हणाली, जे फाईलींत नाही ते लिहून द्या. त्यांनी दुपारभर बसून बावीस पानं लिहिली. कुठल्या खिडकीवर किती वाजता जावं, कुठल्या कारखान्याचे दाखले छपाईत चुकतात, रमजानमध्ये माल कधी उतरवू नये. मी त्यांना विमानतळावर सोडलं.  रांगेत शिरण्याआधी ते म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. एकट्यानं निघालो असतो तं कचेरीतच गेलो असतो."

गावी पहिले दोन महिने ते नुसते झोपत होते, असं हफीजाने मंजिरीला सांगितलं. जेवायला उठायचे, पुन्हा आडवे व्हायचे. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. गावच्या जमातीने मशिदीच्या कामाचे अर्ज लिहायला बोलावलं, तर गेले नाहीत. मोहल्ल्यातल्या कुणाला वाटलं माणूस आखडला, कुणाला वाटलं पैशाची गुर्मी आहे. दोन्ही नव्हतं.

अरीजचा फोन सुरुवातीला आठवड्यातून दोनदा यायचा, मग महिन्यातून एकदा. मी पावसाळ्यानंतर त्यांना भेटायला गेलो तेव्हाही आला. बोलणी अजून चालूच होती, आणखी एक फेरी झाली होती, सही कुठेच नव्हती. तिचा प्रश्न असा, की पुढच्या टिपणात दुधाचा मुद्दा वर ठेवू की डब्यावरच्या मजकुराचा?

फकरुद्दीन ओटीवर बसले होते. पोट सुटलं होतं, चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती.

"बिन्ती, मी आता रोज बंदरावर नसतो," ते फोनवर म्हणाले. "कुठला कागद जास्त अडतो ते तुला दिसतं. तू ठरव."

ती पलीकडून बोलणी करणाऱ्यांवर तणतणली. ते ऐकत राहिले, मग हसून म्हणाले, "हो, रागवत जा त्यांच्यावर. मला कधी जमलं नाही ते."

त्यांनी फोन ठेवला. आतून हफीजाने विचारलं, मासळीला कोण जाणार, होड्या येऊन अर्धा तास झाला. ते भिंतीचा आधार घेत उठले, पायात चपला सरकवल्या आणि मला म्हणाले, "चला हरिहरभाऊ, तुमच्यासाठी वाटेत भाजीपण बघू." उतारावर ते दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर बांधावर टेकलो.