बंद कॅमेरा

लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं, हे माझं काम. सुरुवातीला नव्या घराची बेल दाबताना हुरूप असायचा. आता दुपारच्या उन्हात कोथरूडमध्ये स्कूटर लावायला जागा शोधतानाच निम्मा दम जातो. उरलेला जातो तीच तीच उत्तरं देण्यात. पासवर्ड मी बदललेला नाही. फोटो उडालेले नाहीत, दुसरीकडे आहेत. हो, बंद करून चालू करून बघितलं.

तिथल्याच एका सोसायटीतल्या काकूंचा फोन यायचा तो मात्र अगदी मोजका. "मुलाने तुम्हाला बोलवायला सांगितलंय. कॅमेरा बंद आहे." मुलगा परदेशात. रविवारी लॅपटॉपवर आई-वडिलांशी बोलायचा, पण हल्ली त्याला नुसता आवाज यायचा, चित्र नाही. मी गेलो, कॅमेरा चालू केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद. पुन्हा गेलो. त्यानंतरही तेच. शेवटी मुलाचाच फोन आला. "तुम्हाला जमत नसेल तर स्पष्ट सांगा, मी दुसरं कोणी बघतो." राग यायलाही अंगात जोर लागतो. उद्या येऊन बघतो, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. आपोआप होणारा हा बिघाड नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन कोणीतरी कॅमेरा मुद्दाम बंद केला होता.

"काकू, हे कोणी केलं?"

"मी." त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही चालू करत होतात तेव्हा मी मागे उभी होते. तेच उलटं करायचं."

काका समोरच पेपर घेऊन बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. मी आल्यापासून त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, की आपण कुठून आलात. काकूंनी आवाज खाली आणला. "मागे एकदा त्यांनी स्क्रीनवर मुलाला बघितलं आणि मला विचारलं, हे गृहस्थ कोण. नशीब, त्याला ऐकू गेलं नाही. आवाजावर निभतं हो. मी हळूच सांगते, ते तसं बोलतात. पण चेहरा दिसला की त्याला कळेल. मग तो आम्हाला तिकडे नेईल, नाहीतर इथे कुठेतरी ठेवेल. तुम्ही त्याला सांगा ना, कॅमेराच गेलाय म्हणून."

"ते नाही जमणार, काकू."

"का?"

"चांगल्या कॅमेऱ्याला खराब कसं म्हणू? त्यांनी विचारलं, तर आईशी बोला एवढंच सांगेन. बाकीचं तुम्ही सांगायचं."

त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. आज दुरुस्त करू नका. चहा घ्या."

मी लॅपटॉप मिटला आणि बसून राहिलो. खरं तर उठवत नव्हतं. काकांनी पुन्हा विचारलं, आपण कुठून आलात. कसबा पेठेतून, मी म्हणालो. चहा संपेपर्यंत ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो. मला त्याचा त्रास झाला नाही. दिवसभर मी हेच तर करतो.

संध्याकाळी मुलाचा फोन आलाच. "नक्की काय झालंय?"

"कॅमेरा ठीक आहे. तुम्ही आईंना फोन करा. वडील झोपलेले असताना."

तो म्हणाला, "बाबांचं ना? मला वाटत होतं. आई आधी कुजबुजते, मग बाबा तेच शब्द बोलतात. मला ऐकू येतं सगळं."

"मग आईंना विचारलं का नाही?"

"विचारलं की ती म्हणते, मजेत आहोत. म्हणून डोळ्यांनी बघायचं होतं."

मी फोन ठेवला आणि जेवायला बसलो.

महिन्याभरात तो येऊन गेला. वडिलांना डॉक्टरांकडे नेलं, त्यांची काळजी घ्यायला दिवसभरासाठी एक बाई ठेवल्या. काकूंनी घर सोडायला साफ नकार दिला, आणि त्याने तो मानला. हे सगळं मला काकूंकडूनच कळलं, लॅपटॉपच्या दुसऱ्याच कुठल्याशा कामाला गेलो तेव्हा.

"तुमचा राग आला होता मला," त्या म्हणाल्या.

"येणारच."

"आता कॅमेरा चालू असतो. हे कधी ओळखतात त्याला, कधी नाही. नाही ओळखलं तर तोच आपलं नाव सांगतो आणि पुढे बोलतो." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "दर रविवारी मी त्यांच्या कानाशी लागून प्रत्येक वाक्य सांगायचे. फार दमायचे हो. सोमवारी उठवायचं नाही."

मला ते समजलं. मी मान हलवली आणि लॅपटॉप माझ्याकडे ओढला.